मेच्या सुट्टीत अंदमानला जावे का?

प्रश्न : आम्ही झाशी जिल्ह्यात, एरचला, बेतवेकाठी राहतो. मुलांची शाळा २० मेनंतर बंद होते. सत्तरीच्या बाबांना घेऊन अंदमानला जाता येईल का?

उत्तर : तारखा बदलता आल्या तर नक्की बदला. नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात अंदमानात पोहोचतो, म्हणजे नेमका तुमच्या सुट्टीच्या तोंडावर. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि स्वराजद्वीपला (पूर्वीचे हॅवलॉक) गेलेला माणूस तिथेच अडकतो. परतीचे विमान चुकण्याची ही धास्ती बाबांना नको. शाळेकडून रजा मिळवून एप्रिलअखेर जा, नाहीतर सरळ डिसेंबर गाठा. मेअखेरच जायचे ठरले, तर परतीच्या विमानाआधीचे दोन दिवस श्री विजयपुरममध्येच (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) काढा.

झाशीहून रेल्वेने चेन्नई, पुढे विमान. चेन्नईहून जहाजही आहे, पण त्याला तीनेक दिवस लागतात; बाबांना घेऊन तो विचारच करू नका.

सेल्युलर जेलला मात्र अख्खा दिवस द्या. ते कधी बंद असते, हे आधी विचारून घ्या. सावरकरांची कोठडी मुलांना दाखवालच, पण १८५७ च्या बंडातले कैदी इथे मार्च १८५८ मध्ये उतरले, तुरुंग उभा राहण्याच्या कितीतरी आधी, हेही सांगा. त्याच महिन्यात झाशीला वेढा पडला होता. तुमच्या घरातल्या मुलांना ही तारीख आपली वाटेल.

बाबांना बोटीआधी हलके खायला द्या, उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. शंख-प्रवाळ उचलू नका. विमानतळावर तपासणी होते.