आई मला ओळखत नाही, मग गाणं कसं आठवतं?

प्रश्न : माझी आई ८४ वर्षांची आहे. स्मृतिभ्रंशामुळे घरी सांभाळणं जमेना, म्हणून तिला वृद्धाश्रमात ठेवलं. ती मला ओळखत नाही, पण ‘गीतरामायण’ लागलं की सोबत पूर्ण पद म्हणते. हे कसं? आश्रमात आता ‘ध्वनिउपचार’ सुरू होत आहेत, त्याची फी वेगळी आहे. ती भरावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झालं. माडगूळकर-फडक्यांची ५६ गीतं आठवड्याला एक अशी वर्षभर ऐकवली गेली. तुमच्या आई तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या असणार. दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी माणसाच्या मनात सर्वांत घट्ट बसतात. त्यात ही गाणी एकदाच ऐकून सुटलेली नसतात. पुढे कित्येक वर्षं ती कानावर पडतात, काम करताना ओठांवर येतात.

अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात, नव्या घटनांची नोंद ठेवणारा मेंदूचा भाग आधी खचतो. जुन्या गोष्टी त्यामानाने टिकतात. पुष्कळदा अशा आईच्या मनात तिचं मूल अजून शाळेतच असतं, त्यामुळे समोर बसलेला पिकल्या केसांचा माणूस तिला परका वाटतो. यात मायेचा तुटवडा नसतो, हे कृपा करून मनाशी पक्कं धरा. गाण्याचं तर आणखी वेगळं आहे. जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की वर्षानुवर्षं परिचयाची गाणी ऐकताना मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांची झीज या आजारात तुलनेने कमी आणि उशिरा होते.

म्हणजे गाण्याने आजार बरा होतो का? नाही. संगीतोपचारावरच्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये एकत्रित आढावा घेतला. उदासी आणि एकंदर वागण्यातल्या अडचणी काहीशा कमी होतात, पण चिडचिड आणि आक्रमकपणावर फारसा फरक पडत नाही, असं त्यात आढळलं. स्मरणशक्ती परत येत नाही. तरीही स्मृतिभ्रंशात उदासी थोडी हटणं ही मला मोठी गोष्ट वाटते. अंघोळीला नकार देणारी आजी ओळखीच्या भजनावर शांतपणे तयार होते, तेव्हा तिची आणि तिला सांभाळणाऱ्या मावशींची, दोघींचीही सकाळ सुधारते.

आता फीबद्दल. त्याआधी आईंचे कान तपासून घ्या. वयाबरोबर वरच्या पट्टीतले आवाज आधी कमी ऐकू येतात, त्यामुळे बोलण्यातली ‘स’, ‘फ’, ‘थ’ अशी व्यंजनं निसटतात आणि गोंगाटात तर काहीच उमगत नाही. कित्येकदा नुसता मळ घट्ट बसलेला असतो, तो डॉक्टर काही मिनिटांत काढतात. श्रवणयंत्र असेल तर त्यात चालू बॅटरी आहे का, ते रोज कानात घातलं जातं का, हे आश्रमात विचारा. कित्येक ठिकाणी ते कपाटात पडून असतं! नीट ऐकूच येत नसेल, तर कुठलाही ध्वनिउपचार फुकट.

आश्रम देऊ करत असलेला उपचार काय आहे, ते नीट पाहा. प्रशिक्षित संगीतोपचारक येणार असेल, आईंची आवड, भाषा, भक्तीची गाणी, नकोशा आठवणी यांची चौकशी करत असेल आणि छोट्या गटात त्यांच्याकडून गाऊन, टाळी धरून घेत असेल, तर पैसे जरूर भरा. सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून धातूची भांडी घुमवायची आणि ‘विशिष्ट कंपनांनी मेंदूच्या पेशी जाग्या होतात’ असं सांगायचं, असा प्रकार असेल तर भरू नका. त्याने कुणाला निवांत वाटेलही, पण त्या दाव्याला भक्कम पुरावा नाही. प्रकाश आणि ध्वनीच्या ४० हर्ट्‌झ स्पंदनांवर अमेरिकेत एमआयटीमध्ये गंभीर संशोधन चालू आहे, पण त्याचा आधार घेऊन आज कुणी फी मागत असेल तर ती घाई आहे.

स्वतः मात्र आजच सुरुवात करा. मावश्या-मामांना विचारून आईंच्या तरुणपणच्या गाण्यांची यादी बनवा. एखादं गाणं कुणाच्या जाण्याशी जोडलेलं असेल तर ते वगळा. दिवसातून वीस-तीस मिनिटं, मध्यम आवाजात, शक्यतो जवळ बसून ऐकवा. तिन्हीसांजेला अस्वस्थता वाढते, त्याच्या थोडं आधीची वेळ बरी. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या किंवा हात झटकला, तर लगेच बंद करा. शिवाय, दिवसभर भांडणाऱ्या मालिका आणि बातम्या ओकणारा हॉलमधला टीव्ही काही तास बंद ठेवण्याचा आग्रह धरा. त्याला फी लागत नाही आणि त्याचा लाभ आश्रमातल्या प्रत्येकाला होतो.