दुष्काळ आणि वणवा



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी 'आपले जंगल' हा विषय दिला आहे. कुणी मोरावर लिहिले, कुणी सागावर लिहिले. मी वणव्यावर लिहिणार आहे. कारण एकदा आमच्याच घरच्या चुकीने जंगलाला आग लागली होती. ती हकिकत पुढे सांगतो. आधी अभ्यास.

आपले जंगल कसे आहे?

आपलं गाव किनवट तालुक्यात आहे. नांदेड जिल्ह्यातलं मोठं जंगल किनवट आणि माहूर या तालुक्यांतच आहे. पैनगंगा नदीच्या अलीकडं आपण आणि पलीकडं यवतमाळ जिल्हा. माझा मामा लातूरला राहतो. लातूर जिल्ह्यात शंभर एकरांमागं एक एकरसुद्धा जंगल नाही. म्हणून मामाची लेकरं सुट्टीत आली की "लई झाडं आहेत तुमच्याकडं!" असं म्हणतात.

आपल्या जंगलात साग, मोह, पळस, धावडा, तेंदू अशी झाडं आहेत. ती पानगळीची झाडं आहेत. पानातून पाणी हवेत उडून जातं. जमिनीतलं पाणी कमी झालं की झाड पानं टाकून देतं आणि आपलं पाणी वाचवतं. झाड असं हुशार आहे. पण खाली पानांचा थर साचतो. सागाचं पान तर सुपाएवढं असतं. त्यावरून चाललं की करकर वाजतं. हाच थर वणव्याचं सरपण आहे. ज्या वर्षी पाऊस कमी पडतो त्या वर्षी झाडं पानं लवकर गाळतात. मग त्या पानांना वाळायला दिवसही जास्त मिळतात.

गुरुजींचा प्रयोग

गुरुजींनी मैदानात पळसाच्या वाळलेल्या पानांचे तीन ढीग केले. जवळ पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवल्या. पहिल्या ढिगावर पाणी शिंपडलं. दुसरा ढीग रात्रभर दवात राहिलेल्या पानांचा होता. तिसरा दुपारच्या उन्हातला होता. गुरुजींनी एकेक काडी लावली. पहिला ढीग पेटलाच नाही. दुसरा नुसता धुमसला आणि आमच्या डोळ्यांत धूर गेला. तिसऱ्याला काडी लागली की भडकाच झाला.

मग गुरुजींनी एक पेटलेली काडी गुल वर करून धरली. ती सावकाश जळाली. दुसरी काडी गुल खाली करून धरली. ज्योत झरझर बोटाकडं चढली आणि गुरुजींनी काडी टाकून दिली. गुरुजी म्हणाले, "डोंगरावर असंच होतं. आग चढ पळत चढते आणि उतार हळू उतरते." म्हणून वणवा पेटला तर डोंगरावर वरच्या बाजूला पळू नये.

हा प्रयोग कुणीही घरी एकट्याने करू नये.

हवामान काय काम करते?

१) ऊन : मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२ अंशांच्या वर जातो. पानं, काटक्या, गवत सगळं तापून राहतं. तापलेल्या वस्तूला पेटायला वेळ लागत नाही.

२) कोरडी हवा : माय उन्हाळ्यात पापड वाळू घालते. तेच पापड पावसाळ्यात डब्याबाहेर राहिले की मऊ पडतात. पानांचंही तसंच आहे. हवेत ओल असली की पान ती ओल घेतं. हवा कोरडी असली की पान ओल सोडून देतं. म्हणून पहाटे पान मऊ आणि दुपारी कुरकुरीत असतं.

३) वारा : वारा आगीला फुंकणी घालतो. जळकं पान उचलून पुढं नेऊन टाकतो. मग तिथं नवी आग लागते.

४) पाऊस : ऑक्टोबरपासून जूनपर्यंत आपल्याकडं पाऊस फार थोडा. मधे अवकाळी आला तर जंगल थोडे दिवस ओलं होतं. आंब्याचा मोहर झडतो, पण वणव्याचा धोका काही दिवस टळतो.

वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतं.

दुष्काळात वणवे जास्तच लागतात का?

मी आबांना १९७२ च्या दुष्काळाचं विचारलं. तेव्हा आबा माझ्याएवढे होते. आबा म्हणाले, "अरे, त्या वर्षी माळावर गवताची काडी नव्हती. जे होतं ते ढोरांनी खाल्लं. जळणार काय?"

मी गोंधळलो आणि गुरुजींना विचारलं. गुरुजींनी फळ्यावर लिहून समजावलं. आगीला दोन गोष्टी लागतात. एक सरपण आणि दुसरी ते सरपण वाळलेलं असणं. माळावर गवत हेच सरपण. पाऊसच नाही झाला तर गवत उगवत नाही आणि आग पसरत नाही. पाऊस चांगला होऊन गवत कमरेएवढं वाढलं आणि मग कडक ऊन पडलं, तर माळाला जास्त धोका. दाट जंगलात मात्र पालापाचोळा दरसाल असतोच. तिथं दुष्काळ आला की तोच पाला जास्त वाळतो आणि धोका वाढतो.

२०१५ साली आपल्या मराठवाड्यात मोठा दुष्काळ पडला. पुढच्या एप्रिलमध्ये, म्हणजे २०१६ साली, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं. पहिल्या गाडीला पाण्याचे १० डबे होते आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. मी तेव्हा पाळण्यात होतो. मामा ते बघायला गेला होता. त्या साली पॅसिफिक नावाच्या महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं होतं. त्याला एल निनो म्हणतात. एल निनो आला की पुष्कळदा आपला पाऊस कमी होतो.

त्याच २०१५ साली इंडोनेशिया देशातही पाऊस कमी झाला. तिथली जंगलं एरवी बारा महिने ओली असतात. ती सहज पेटत नाहीत. पण त्या साली ती वाळली. लोकांनी शेती वाढवायला आगी लावल्या आणि त्या आवरल्या नाहीत. सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळाली. धूर शेजारच्या मलेशिया आणि सिंगापूरपर्यंत गेला. तिथल्या शाळांना सुट्टी द्यावी लागली. म्हणजे एकाच समुद्रामुळं लातूरच्या विहिरी आटल्या आणि इंडोनेशियाचं रान जळालं.

काडी कोण ओढतो?

ही या लेखातली मुख्य गोष्ट आहे. दुष्काळ काडी ओढत नाही. ऊनही काडी ओढत नाही. हवामान फक्त सरपण वाळवून ठेवतं. आपल्या जंगलातले जवळजवळ सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात. कुणी मोहाखालचा पाला जाळतो, म्हणजे फुलं वेचायला सोपं जातं. कुणी तेंदूला कोवळी पानं यावी म्हणून जाळतो. कुणी विडीचं थोटूक टाकतो. कुणी धुरा जाळतो.

आता आमची हकिकत. २०२३ च्या जुलैत आमच्या नाल्याला पूर आला होता. गवत खूप माजलं. मग ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. मार्च २०२४ मध्ये आबांनी भर दुपारी धुऱ्यावरचं वाळलेलं गवत पेटवलं. आबा दरसाल पेटवतात आणि आग नाल्याच्या पाण्यापाशी थांबते. त्या वर्षी नाला आटला होता. एक वावटळ आली आणि आग नाल्यापलीकडं जंगलात गेली.

सगळं गाव धावलं. वनरक्षकही माणसं घेऊन आले. हिरव्या फांद्यांनी झोडपून आणि पाला बाजूला ओढून संध्याकाळी आग विझवली. मोठे साग वाचले, कारण त्यांची साल जाड असते. बोटाएवढी रोपं सगळी गेली. आजी ज्या मोहाची फुलं वेचते त्या झाडाला त्या वर्षी फुलं नव्हती. दुसऱ्या दिवशी मला राखेत तितराची पाच अंडी सापडली. ती काळी पडली होती. मी ती आबांना दाखवली. आबा काही बोलले नाहीत.

हा लेख लिहायच्या आधी मी आबांना विचारलं. आबा म्हणाले, "लिही. लपवू नको. दुसऱ्याच्या हातून तरी होणार नाही."

आगीने पुन्हा दुष्काळ

काही लोक म्हणतात की जाळलं की गवत चांगलं येतं. हे थोडं खरं आहे. कोवळा फुटवा लवकर येतो. पण दरसाल जाळलं तर नवी झाडं मोठी होतच नाहीत. पाला जळाला की जमीन उघडी पडते. पहिला पाऊस ती माती धुऊन नेतो. पाणी जमिनीत मुरत नाही, पळून जातं. मग विहिरीला पाणी कमी लागतं. म्हणजे दुष्काळ वणव्याला मदत करतो आणि वणवा दुष्काळाला मदत करतो.

एवढे करू या

१) काडी लावायच्या आधी एक पान मुठीत चुरावं. पान वाकलं तर ते अजून ओलं आहे. पानाचा भुगा झाला तर त्या दिवशी रानात काडी लावूच नये.

२) मोहाखालचा पाला जाळू नये, झाडून काढावा. खाली जुनं लुगडं किंवा जाळी अंथरली तर फुलं स्वच्छ मिळतात.

३) धुऱ्याचं गवत कापून ढोरांना घालावं किंवा त्याचं खत करावं.

४) जंगलाकडच्या बाजूला पाला काढून मोकळा पट्टा करावा. वनखातं करतं त्याला जाळरेषा म्हणतात.

५) धूर दिसला की वनरक्षकाला सांगावं. वनखात्याचा १९२६ हा फोन नंबर आहे. आकाशातला उपग्रहसुद्धा आग बघतो आणि डेहराडूनहून वनखात्याच्या लोकांच्या मोबाइलवर निरोप येतो. पण गावातलं माणूस त्याच्या आधी बघू शकतं.

६) राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मोठ्यांना सांगावं.

यंदा आमच्या धुऱ्याचं गवत आबांनी विळ्याने कापलं. मी भारे वाहिले.

स्वाध्याय

१) पहाटेपेक्षा दुपारी आग लवकर का लागते?
२) माळ आणि दाट जंगल यांपैकी दुष्काळात कुणाला जास्त धोका? का?
३) आमच्या नाल्याला पाणी असतं तर काय झालं असतं?
४) तुमच्या घरी धुरा कसा साफ करतात? घरी विचारून या.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी