गाडींत पाणी कोठें मुरतें?

मृगाच्या पहिल्याच सरीला वाशीमहून बियाणें आणतांना आमच्या नव्या विद्युत् मालगाडीच्या बंद हौद्यांत पाणी शिरलें व सोयाबीनच्या दोन पिशव्या भिजल्या. असें बियाणें वाळविलें तरी उगवणीचा भरंवसा राहत नाहीं. गाडी तीनदां दुरुस्तीस नेली. तिन्ही वेळां फटींत लुकण भरून मिळालें, गळती होती तशीच.

पाणी दिसतें तेथेंच शिरतें असें नाहीं. छताच्या सांध्यांतून आलेलें पाणी पत्र्याआडून वाहत भलत्याच कोपऱ्यांत ठिबकतें. म्हणून परीक्षा खालून वर करावी. एकानें विजेरी घेऊन हौद्यांत बसावें. दुसऱ्यानें साध्या नळीनें प्रथम खालचा सांधा, मग दाराचें रबर, शेवटीं छत, असें एकेक ठिकाण कांहीं मिनिटें भिजवावें. वरून आरंभ केल्यास सर्वच ओलें होऊन कांहींच उमगत नाहीं. बॅटरीच्या पेटीवर झोत मारूं नये. 'आयपी-६७' म्हणजे मीटरभर पाण्यांत अर्धा तास टिकणें, जोराचा झोत सोसणें नव्हे.

प्रत्येक खेपेस कामाचा कागद तारखेसह मागून घ्यावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें दोन वर्षांच्या आंत जिल्हा आयोगाकडे तक्रार करतां येते; उपजीविकेसाठीं स्वतः गाडी चालविणारा शेतकरीही त्यांत ग्राहकच होय. चौथ्या खेपेस आम्हीं ते कागद व ओल्या सांध्याचें छायाचित्र पुढें ठेवलें, तेव्हां दाराचें रबर बदलून मिळालें.