लांब केस घरीच सोनेरी करावेत काय?

प्रश्न : माझे केस कमरेपर्यंत लांब असून मी नियमित मेंदी लावते. ते घरीच सोनेरी करता येतील काय?
— एक भगिनी, सेलू (जि. परभणी)

उत्तर : काळ्या केसांवर सोनेरी रंग नुसता चढत नाही, त्यांतील मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रथम हायड्रोजन पेरॉक्साइडने नष्ट करावे लागते, आणि ते तांबडा, नारिंगी, पिवळा अशा क्रमानेच उतरत असल्यामुळे एकाच बैठकीत इष्ट छटा गाठण्याचा हट्ट केसांच्या जिवावर बेततो. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे आपल्या केसांची टोके पाच-सहा वर्षांची जीर्ण असणार. पेरॉक्साइड सहा टक्क्यांहून तीव्र नसावे, आणि टाळूच्या उष्णतेने लवकर उजळणारी मुळे अखेरीस घ्यावीत.

खरी जोखीम मेंदीची आहे. बाजारी पुड्यांत कधी धातूंचे क्षार मिसळलेले असतात व पेरॉक्साइडशी गाठ पडताच केस तापून तुटतात. सबब विंचरताना गळालेल्या केसांवर आधी परीक्षा घ्यावी, आणि कानामागे द्रावण लावून अठ्ठेचाळीस तासांची मुदत पाळावी. धुण्यापूर्वी खोबरेल लावल्यास प्रथिनांचा ऱ्हास घटतो, हे रेले व मोहिले या संशोधकांनी २००३ साली दाखविले आहे. आजीची तजवीज एवढ्यापुरती शास्त्रशुद्ध ठरली. तूर्त दोन-चार बटांवरच समाधान मानावे, असे माझे मत आहे.