फसलेला साबण: टाकायचा की पुन्हा चुलीवर चढवायचा?

गेल्या डिसेंबरात जवाहरनगरच्या आमच्या महिला गटाने विहारामागच्या अंगणात अंगाचा साबण केला. अर्धे खोबरेल तेल, अर्धे मोहाच्या बियांचे म्हणजे टोळीचे तेल. दुसऱ्या दिवशी साचा उघडला तर वर तेलाचा थर, मधे पांढऱ्या गाठी आणि तळाशी झोंबणारे पाणी. एकीने उघड्या हाताने वडी उचलली, तिच्या बोटांची साल निघाली. त्यातलीच एक वडी तान्ह्या बाळाच्या घरी जायची होती. म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

साबण फसला याचा अर्थ बहुधा तेल आणि कॉस्टिक सोडा यांचे लग्न पूर्ण लागले नाही. न जुळलेला सोडा कातडी जाळतो. वडीच्या वर नुसती पांढरी भुकटी धरली असेल तर घाबरू नये, ती हवेमुळे आलेल्या धुण्याच्या सोड्याची असते, ओल्या फडक्याने पुसली जाते. वडी कापल्यावर आत पांढरे खडे किंवा पाण्याचे थेंब दिसले, तर मात्र ती वडी कोणाच्याही अंगाला लावू नये.

आमच्या दोन चुका झाल्या. पहिली मापाची. १ किलो खोबरेल तेलाचा साबण व्हायला सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक लागते, टोळीच्या तेलाला सुमारे १३५ ग्रॅम. आम्ही प्रत्येकी अर्ध्या किलोचा हिशोब करून १५९ ग्रॅम सोडा घेतला, पण तेल मात्र लिटरच्या मापाने ओतले. १ लिटर तेल भरते साधारण ९२० ग्रॅम! म्हणजे ८० ग्रॅम तेल कमी पडले आणि तेवढा सोडा उपाशी राहिला. आयुध निर्माणीच्या गावात राहून आम्ही काटा वापरला नाही, हे घरच्या माणसांनी चांगलेच ऐकवले.

दुसरी चूक थंडीची. टोळीचे तेल आणि खोबरेल दोन्ही गारठ्यात थिजतात. मिश्रण कढीसारखे दाट झाले, चमच्याची रेघ वर टिकू लागली, म्हणून आम्ही साच्यात ओतले. ते दाटपण साबणाचे नव्हते, थिजलेल्या तेलाचे होते. हिवाळ्यात तेल पूर्ण पातळ होईपर्यंत कोमट करून घ्यावे आणि घोटतानाही कोमट राहू द्यावे.

आता दुरुस्ती. मापे लिहून ठेवली असतील तर साबण वाचतो. तळचे पाणी ओतून देऊ नये, ते गेले की हिशोबच गेला. रबरी हातमोजे आणि चष्मा घालून साच्यातले सगळे, तेल, गाठी, पाणी, स्टीलच्या पातेल्यात काढावे. ॲल्युमिनियमचे भांडे अजिबात नको, कॉस्टिक ते खाते आणि पेट घेणारा वायू सुटतो. घट्ट वड्या असतील तर सुरीने बारीक चिराव्या, किसू नये, भुकटी नाकात जाते.

कमी पडलेले ८० ग्रॅम तेल आणि सोडा उरू नये म्हणून वर ५० ग्रॅम, असे १३० ग्रॅम तेल आम्ही निम्मे-निम्मे वजन करून घातले. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात हे पातेले बसवले. कोरडे वाटले तेव्हा थोडे साधे पाणी घातले. मंद आचेवर दीड-दोन तास, मधून मधून ढवळत. आधी ते फाटल्यासारखे दिसते, मग उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यासारखे होते आणि शेवटी व्हॅसलीनसारखी झाक येते. गरम असतानाच साच्यात दाबून भरावे.

तपासणीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. हळदीचे पाणी लाल झाले की साबण वाईट, असे काही जणी मानतात. हळद तर चांगल्या साबणानेही लाल होते, कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावून पाहा. जिभेला लावून पाहणे हा त्याहून वाईट प्रकार. चिमूटभर साबण पाण्यात विरघळवून पीएच कागद बुडवावा. ९ ते १० दिसले तर ठीक. १२ च्या जवळ असेल तर अजून शिजवावे किंवा तेल कमी आहे असे समजावे.

मापेच माहीत नसतील तर? जुन्या काळची रीत आहे: दुप्पट पाण्यात साबण उकळून विरघळवायचा आणि मीठ घालत जायचे. साबण दह्यासारखा वर येतो, जास्तीचा सोडा खालच्या पाण्यात राहतो. खोबरेल जास्त असेल तर मीठ फार लागते आणि साबण नीट सुटत नाही. असा साबण आमच्या मते कपड्यांपुरताच ठेवावा. खालचे पाणी भरपूर पाण्यात मिसळून मोरीत सोडावे, झाडाला किंवा बांधीत नको.

कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकावे, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये. अंगावर उडाले तर कपडा काढून १५ ते २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे. लिंबू, व्हिनेगर लावत बसू नये. डोळ्यात गेले तर पाण्याने धूत असतानाच दवाखान्यात न्यायची तयारी करावी. मुलाने गिळले तर उलटी करवू नये, तोंड धुवून ताबडतोब रुग्णालय गाठावे. बाटलीवर नाव लिहावे आणि ती पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नये. विकायचा विचार असेल तर अंगाच्या साबणाला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, हेही लक्षात असू द्यावे.

आमच्या वड्या चार आठवडे वाळवल्या. मोहाचा वास थोडा राहिला, फेस बरा येतो, हात झोंबत नाहीत. बाळाच्या घरी मात्र वडी दिली नाही. तान्ह्याला कोमट पाणी पुरते, असे त्याच्या आईला सांगून आलो.