रस्त्याखालची माती आणि तिच्यातले पाणी
(हिमफुगवटा आणि काळ्या मातीचा फुगवटा : एक तौलनिक अभ्यास)

थंड प्रदेशांत हिवाळा सुरू झाला की रस्ते व लोहमार्ग जागोजागी वर उचलले जातात आणि वसंतात बर्फ वितळले की तेच मार्ग खचतात. अभियांत्रिकीत याला हिमफुगवटा म्हणतात. हा विषय बोरीवलीतील शाळेच्या स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मुंबईत पाणी गोठत नाही. सांताक्रूझ वेधशाळेतील नीचांकी तापमान २२ जानेवारी १९६२ रोजीचे, तेही ७.४ अंश सेल्सिअस. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात व त्याची वार्ता होते. परंतु तो गारठा पृष्ठभागापुरता असतो, जमिनीत खोलवर उतरत नाही. असे असले तरी मराठवाडा, विदर्भ व खानदेशातून वसतिगृहात येणाऱ्या मुलांच्या गावचे रस्ते दरवर्षी फुगतात, भेगाळतात आणि खचतात. तेथे बर्फाचे काम काळी माती करते. या दोन घटना शेजारी ठेवून तपासल्या म्हणजे रस्ता का मोडतो हे नीट समजते, असे आम्हांस वाटते.

प्रथम थंड प्रदेशाकडे पाहू. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते, हे आपण शाळेत शिकतो, आणि फुगवट्याचे कारण तेवढेच असावे असा समज होतो. हिशेब करून पाहू. एक मीटर जाडीच्या मातीच्या थरात १०० भागांपैकी ४० भाग पोकळी आहे आणि ती पाण्याने पूर्ण भरली आहे असे धरू. ते सर्व पाणी जागच्या जागी गोठले तरी जमीन जास्तीत जास्त ३.६ सेंटिमीटर उचलली जाईल. प्रत्यक्षात थंड देशांतील रस्ते याच्या कितीतरी पट उचललेले आढळतात. तेव्हा कारण निराळे असले पाहिजे.

ते कारण अमेरिकन भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९२९-३० च्या सुमारास प्रयोगाने दाखवले. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेन्झीन भरले. बेन्झीन गोठताना आकुंचन पावते. तरीही माती फुगली. म्हणजे फुगवटा गोठलेल्या द्रवाच्या प्रसरणाने येत नाही. खालून नवा द्रव वर ओढला जाऊन गोठत राहतो, त्यामुळे येतो. मातीत थंडी वरून खाली उतरते. जेथे तापमान शून्याला पोहोचते तेथे बर्फाचा पातळ थर धरतो. हा थर खालच्या ओल्या मातीतून, समईच्या वातीत तेल चढावे तसे, पाणी वर खेचतो आणि जाड होत जातो. पाणी गोठताना दर ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. त्या उष्णतेमुळे थंडीची खाली उतरण्याची गती मंदावते, आणि बर्फाच्या थराला त्याच जागी वाढायला अवधी मिळतो. अशा थरांची चळत रस्त्याला उचलून धरते.

यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : शून्याखालील तापमान, जवळ असलेले पाणी आणि पाणी खेचू शकणारी माती. जाड वाळूची छिद्रे मोठी असल्यामुळे तिच्यात पाणी चढत नाही. घट्ट चिकणमातीत ओढ प्रबळ असते, पण छिद्रे इतकी बारीक की पाणी फार सावकाश सरकते. सर्वांत घातक ठरते ती मधली, पिठासारखी गाळमाती. तिच्यात ओढही असते आणि वाटही. आर्थर कासाग्रांडे यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी एक साधी कसोटी सांगितली : मिश्र कणांच्या मातीत ०.०२ मिलिमीटरहून बारीक कण ३ टक्क्यांहून अधिक असतील, तर ती माती फुगण्याचा धोका मानावा. आजही ही कसोटी अभियंत्यांच्या कामी येते.

खरी हानी मात्र वितळताना होते. ऊन लागले की बर्फ वरून वितळू लागते, पण खालचा थर अजून गोठलेलाच असतो. त्यामुळे वितळलेल्या पाण्याला खाली जाण्यास वाट राहत नाही. रस्त्याखाली चिखल साचतो आणि नेमक्या याच वेळी जड मालमोटार गेली तर रस्ता मोडतो. म्हणूनच अनेक थंड देशांत वसंताच्या काही आठवड्यांत जड वाहनांवर वजनमर्यादा घालतात. आपल्या देशात ही झुंज लडाख व हिमालयातील उंच मार्गांवर चालते. ७ मे १९६० रोजी स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेचे कामगार आणि जवान हे मार्ग चालू ठेवतात.

आता आपल्या मातीकडे वळू. दख्खनचे पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडले. त्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन माती झाली. पण सर्वत्र एकसारखी नाही. कोकणात पाऊस धो धो पडतो, खडकातील विद्राव्य द्रव्ये वाहून जातात आणि तांबडा जांभा व न फुगणारी माती उरते. पठारावर पाऊस कमी आणि पाण्याचा निचरा मंद असतो. तेथे मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज तयार होते. खडक एकच असला तरी पावसाच्या मानाने दोन भिन्न स्वभावांच्या माती तयार झाल्या.

मॉन्टमोरिलोनाइटचा कण वहीच्या पानांसारख्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांचा असतो. पापुद्र्यांमध्ये विद्युतभारित कण असतात आणि ते पाण्याला जवळ ओढतात. पाणी शिरले की पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात आणि माती फुगते. पाणी निघून गेले की पापुद्रे जवळ येतात, माती आक्रसते आणि उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रस्त्याच्या कडेची माती उन्हाने लवकर सुकते, मधली डांबराखाली ओलसर राहते. म्हणून कडेने लांबच लांब भेगा पडतात. जूनचा पहिला पाऊस त्याच भेगांतून थेट तळमातीत उतरतो. भिजलेल्या काळ्या मातीची भार सोसण्याची शक्ती फारच घटते. नमुना चार दिवस पाण्यात बुडवून मग केलेल्या सीबीआर चाचणीत तिचे मूल्य बहुधा २ ते ४ टक्क्यांच्या आसपास येते. लोहमार्गाखाली हीच माती असेल तर खडी हळूहळू तिच्यात रुतते, तिच्या खोलगट जागांत पाणी साठते आणि चिखल वर येऊ लागतो. मग पावसाळाभर रूळ पुन्हा पुन्हा उचलून खडी ठोकावी लागते आणि गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागतो.

माती फुगणारी आहे की नाही हे ओळखण्याची भारतीय मानक पद्धत (आयएस २७२०, भाग ४०) इतकी सोपी आहे की ती शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, भट्टीत सुकवलेली १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत टाकावी. एकात ऊर्ध्वपातित पाणी भरावे, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून हवेचे बुडबुडे काढावेत आणि २४ तास स्थिर ठेवावे. रॉकेलला मातीचे पापुद्रे ओढून घेत नाहीत, म्हणून तेथे माती फुगत नाही. समजा, रॉकेलमध्ये माती १० मिलिलिटरवर आणि पाण्यात १६ मिलिलिटरवर स्थिरावली. तर फुगवटा ६० टक्के झाला. हा निर्देशांक ५० टक्क्यांहून अधिक असल्यास ती माती रस्त्याच्या भरावासाठी वापरू नये, असा आपल्याकडील महामार्गांच्या कामाचा दंडक आहे. टेबर यांनी जी युक्ती योजली, तीच येथेही आहे : द्रव बदलून पाहिला की खरे कारण उघडे पडते.

उपायांचे तत्त्वही दोन्हीकडे सारखेच आहे. एकत्र येणाऱ्या कारणांपैकी एक जरी दूर केले तरी फुगवटा टळतो. थंड प्रदेशात थंडी हटवता येत नाही, म्हणून गाळमाती काढून वाळू व खडी भरतात, पाण्याची पातळी खाली नेतात किंवा उष्णतारोधक थर घालतात. काळ्या मातीत चुना मिसळतात. चुन्यातील कॅल्शियममुळे पापुद्र्यांची पाणी ओढण्याची प्रवृत्ती कमी होते. दुसरा मार्ग आपल्याच उपनगरात, पवईच्या आयआयटीत, प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून पुढे आला. न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा, सुमारे एक मीटर जाडीचा थर काळ्या मातीवर घट्ट दाबून बसवला की खालचा फुगवटा रोखला जातो, असे त्यांनी दाखवले. कर्नाटकातील मलप्रभा कालव्याच्या कामी हे तंत्र उपयोगी पडले. मुरूम मिळतो तेथे ते गावातही शक्य आहे. लोहमार्गासाठी खडी व माती यांच्यामध्ये दाणेदार द्रव्याचा थर घालतात, तोही याच विचाराने.

या सर्वांपेक्षा स्वस्त उपाय म्हणजे पाण्याला स्वतंत्र वाट देणे. रस्त्याला मध्यापासून कडेकडे उतार, पक्की साइडपट्टी, दोन्ही बाजूंना मोकळी गटारे आणि ओढ्यानाल्यांवर पुरेशा मोऱ्या एवढे असले तरी रस्त्याचे आयुष्य वाढते. याचा धडा घेण्यास दूर जावयास नको. आपल्या पूर्वेस कान्हेरीच्या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लेणी खोदणाऱ्यांनी कातळात पन्हळी कोरून पावसाचे पाणी पोढ्यांत उतरवले. पाणी कोठून येईल व कोठे जाईल याचा विचार त्यांनी बांधकामाबरोबरच केला होता. आज अनेक ठिकाणी रस्ता आधी होतो, आणि गटार पुढच्या निधीची वाट पाहते.

याची किंमत कोण मोजते? पावसाळ्यात रस्ता खचला की एसटी फाट्यावरच थांबते, मुलांची शाळा बुडते, बाळंतिणीला बैलगाडीतून न्यावे लागते आणि शेतमालाचा भाव रस्त्यातच पडतो. यात सर्वांत आधी भरडली जाते ती गावकुसाकडची, सखल भागातली वस्ती; कारण पाणी तिच्याकडेच वाहते आणि पक्का रस्ता तिच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचतो.

यास्तव माजी विद्यार्थी व पालक यांना आमची विनंती आहे. गावात नवा रस्ता मंजूर झाला की ग्रामसभेत तीन प्रश्न लेखी विचारावेत. तळमातीचा फुगवटा निर्देशांक किती आला? भिजवलेल्या मातीची सीबीआर चाचणी झाली काय? गटारे व मोऱ्या अंदाजपत्रकात आहेत काय? २५ डिसेंबर २००० पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांची पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच असते. तेव्हा फलकावरील काम पूर्ण झाल्याची तारीख टिपून ठेवावी. मे महिन्यात कडेच्या भेगा व तुंबलेली गटारे यांची छायाचित्रे घेऊन पहिल्या पावसापूर्वी अर्ज द्यावा. कारण भेगांत पाणी उतरल्यानंतर केलेली दुरुस्ती टिकत नाही. आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी परत येताना आपल्या रस्त्याकडेची मूठभर माती कागदात बांधून, गावाचे नाव लिहून आणावी. पाणी व रॉकेल यांची मोजपात्रे प्रयोगशाळेत तयार असतील.