बटव्यातील तेवीस रुपये
(तृतीय वर्ष कला, इतिहास विशेष)

शाळेत असताना 'माझा आवडता छंद' या विषयावरील निबंधात मी नाणेसंग्रहाचा छंद असल्याचे बेधडक लिहिले होते. प्रत्यक्षात माझ्याजवळ एक भोकाचा पैसा आणि वीस पैशांची काही नाणी एवढेच भांडवल होते. जुन्या वस्तू जमवल्या म्हणजे संग्रह झाला, अशी माझी समजूत होती. ती कशी मोडली आणि तिची काय किंमत द्यावी लागली, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्या ओघात काही घरगुती गोष्टी आल्या आहेत, त्याबद्दल वाचक क्षमा करतील अशी आशा आहे.

तीन गाठी

माझी आजी दोन वर्षांपूर्वी गेली. दिवसकार्य उरकल्यावर आत्याने तिची लोखंडी पेटी उघडली. पेटीत दोन नऊवारी लुगडी, चांदीची अत्तरदाणी, एक करंडा आणि खणाचा जुना बटवा निघाला. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या पाटावर हा बटवा मांडलेला आम्ही पाहिला होता. पण तो उघडलेला कोणी पाहिला नव्हता. आत फडक्याच्या चिंध्यांत बांधलेल्या तीन गाठी होत्या. इतिहास शिकतो म्हणून बटवा माझ्या हाती देण्यात आला. मी मोठ्या उत्साहाने तिन्ही गाठी सोडल्या, सगळे रुपये एका परातीत ओतले, चिंच-मीठ लावून घासून लख्ख केले आणि सनावळीप्रमाणे ओळीने मांडले. तेवीस नाणी भरली. सर्वांनी कौतुक केले. त्या एका तासात माझ्या हातून दोन चुका घडल्या होत्या. त्या कोणत्या, हे पुढे येईल.

ताईच्या मुलीचे बारसे तोंडावर आले होते. चांदीला भाव चांगला आहे, तेव्हा हे रुपये आटवून बाळाला वाटी-चमचा आणि वाळे करावेत, असे काकांनी सुचवले. आजीलाही ते आवडले असते, यात शंका नाही. मी फक्त आठ दिवसांची मुदत मागितली. आमच्या विभागातील सरांनी सांगितले की, एक वही, एक भिंग आणि सोनाराचा काटा एवढे साहित्य पुरे आहे. त्या आठ दिवसांत जे शिकलो, ते पुढे थोडक्यात मांडतो.

नाणे कसे वाचावे

तेवीस नाण्यांत एक ईस्ट इंडिया कंपनीचा रुपया, नऊ राणीछाप, तीन सातव्या एडवर्डचे, सहा पाचव्या जॉर्जचे, तीन सहाव्या जॉर्जचे आणि एक स्वतंत्र भारताचे दहा रुपयांचे नाणे होते.

कंपनीने १८३५ साली आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम; आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. आमच्याकडील राणीछाप रुपये काट्यावर ११.३ ते ११.५ ग्रॅम भरले. जी चांदी कमी भरली, ती इतक्या वर्षांत हातांनी, कनवटींनी आणि कशांनी झिजवली. दोन रुपयांच्या कडेला सराफाने पारख करताना मारलेला घाव आहे. एकाला कडी जडवलेली आहे. तो कधीतरी कोणा मुलाच्या गळ्यात असावा. संग्राहक अशा नाण्याला कमी किंमत देतात. मला मात्र ते सर्वांत बोलके वाटले.

नाण्यावरील सनावर एकदम विश्वास ठेवू नये, हा दुसरा धडा. कंपनीच्या रुपयावर १८४० हा सन आहे. परंतु तोच सन घालून पुढे अनेक वर्षे रुपये पाडले गेले. १८६२ सनाचा राणीछाप रुपयाही १८७३ पर्यंत त्याच सनाने निघत होता. उलट, राणीच्या नावापुढील पदवी सन नसतानाही काळ सांगते. आधीच्या रुपयांवर 'क्वीन' आहे; १८७७ पासून तेथे 'एम्प्रेस' येते, कारण त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी दिल्ली दरबारात तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले गेले. सातवा एडवर्ड रुपयावर बोडक्या डोक्याने आहे, पाचव्या जॉर्जच्या डोक्यावर मुकुट आहे.

या पाचव्या जॉर्जच्या रुपयाची एक कथा प्रसिद्ध आहे. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील पदकमाळेत एक लहानसा हत्ती होता. त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही भावना दुखावणार, हे ध्यानात आल्यावर सरकारने ते रुपये मागे घेऊन बहुतेक वितळवले आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट लांब केली. आमच्या सहा नाण्यांत १९११ चे एकही निघाले नाही. भिंगातून पाहताना माझी छाती धडधडत होती, हे कबूल करतो.

त्या सहांपैकी चार रुपये १९१७ ते १९२० या काळातील आहेत. हा काळ महत्त्वाचा आहे. पहिल्या महायुद्धात सैन्याचे पगार आणि मालखरेदी यांसाठी रुपयांची मागणी बेसुमार वाढली आणि चांदी अपुरी पडू लागली. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने एक रुपयाची कागदी नोट प्रथमच काढली. पुढच्या वर्षी अमेरिकेने खास कायदा करून आपले वीस कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी ब्रिटिश सरकारला हिंदुस्थानासाठी विकली. तेव्हा बटव्यातील एखाद्या रुपयात अमेरिकन डॉलरची चांदी असणे अगदी शक्य आहे.

माझी चूक

येथे आमच्या घरातील एका गोष्टीचा संबंध येतो. माझे पणजोबा त्या युद्धात बसऱ्याला गेले होते आणि परत येताना पगाराचे रुपये घेऊन आले, असे घरात सांगतात. त्याचा एकही कागद आमच्याकडे नाही. चौथ्या दिवशी मी वही घेऊन आत्याकडे गेलो आणि त्या चार रुपयांविषयी विचारले. आत्या सहज म्हणाली, "अरे, म्हणून तर तीन गाठी होत्या. एका गाठीत आईच्या सासूबाईंनी दिलेले, एकीत तिच्या माहेरचे, आणि तिसरीत खोटे रुपये. तू कोणत्या गाठीतून कोणते काढलेस?"

मला उत्तर देता आले नाही.

'खोटे रुपये' कोणते, हे धातूवरून कळले. दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून, सरकारने रुपयाचे वजन तेच ठेवून त्यातील चांदी निम्म्यावर आणली. सहाव्या जॉर्जचे आमचे तिन्ही रुपये १९४४-४५ चे, म्हणजे याच जातीचे. काट्यावर ते ओळखू येत नाहीत. पण आजीने त्यांना वेगळी गाठ मारली होती. शाळेची पायरीही न चढलेल्या बाईला चलनाचा हा फरक नेमका ठाऊक होता. तिसरी गाठ अशी कशीबशी जुळली. पहिल्या दोन गाठी मात्र कायमच्या गेल्या. ते चार रुपये सासूबाईंच्या गाठीतले होते असे सांगता आले असते, तर पणजोबांच्या हकिकतीला आधार मिळाला असता. आता ती हकिकतच राहिली. नाणी सगळी शाबूत आहेत. हरवले ते एवढेच, की कोणते कोणाबरोबर होते. चिंचेने नाण्यावरील वर्षानुवर्षांची काळसर झाक गेली, ही चूक त्यापुढे लहान म्हटली पाहिजे.

जोगलटेंभीचा साठा

या चुकीचे मोल मला आमच्याच जिल्ह्यातील एका उदाहरणावरून कळले. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी होती. प्रत्येक नाणे सुमारे दोन ग्रॅमचे. सराफाच्या हिशेबाने ती पंचवीस-सव्वीस किलो चांदी.

ही सगळी नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची. एका बाजूस राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र. परंतु त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर पुन्हा ठसा मारलेला आढळला. नहपानाच्या चेहऱ्यावर टेकडीचे चिन्ह आणि सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचे नाव! नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा शिलालेख आहे आणि त्यात आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निर्मूळ केल्याचे ती सांगते. आईने मुलाची केलेली ही स्तुती अतिशयोक्त म्हणून कोणी बाजूला सारली असती. जोगलटेंभीच्या नाण्यांनी तिला दुजोरा दिला. जिंकणाऱ्याने हरलेल्याचे चलन गोळा करून त्यावर आपले नाव उमटवले होते.

यातले एकच नाणे बाजारात सुटे मिळाले असते, तर एवढेच कळले असते की असे एक नाणे आहे. किती नाण्यांवर ठसा होता, किती तशीच राहिली होती आणि ती सर्व एकाच ठिकाणी होती, हे नोंदले गेले म्हणून त्यातून इतिहास निघाला. मी बटव्याच्या गाठी सोडल्या, तशी कोणी ती नाणी वाटून घेतली असती तर? म्हणूनच १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक केले आहे.

स्मारक नाणी आणि खोटी नाणी

बटव्यातील शेवटचे नाणे दहा रुपयांचे, महात्मा गांधींचे. आजोबांनी ते आजीला आणून दिले होते. त्यावर १८६९–१९४८ असे सन असल्याने पुष्कळ लोक ते १९४८ चे समजतात. वस्तुतः ते जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली निघाले. स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे त्याआधी पाच वर्षे, १९६४ साली, पंडित नेहरूंच्या निधनानंतर काढण्यात आले होते. पुढे १९७० पासून अन्नधान्यवाढ आणि कुटुंबनियोजन यांचे संदेश नाण्यांवर आले. त्या दशकाची चिंता त्यांत स्पष्ट दिसते. महाराष्ट्रापुरते पाहिले तर डॉ. आंबेडकर (१९९०), संत ज्ञानेश्वर आणि छत्रपती शिवाजी महाराज (१९९९), संत तुकाराम (२००२) आणि लोकमान्य टिळक (२००७) यांची नाणी अगदी थोड्या खर्चात जमवता येतात.

गांधींच्या नाण्याचे वजन १५ ग्रॅम आणि त्यात चांदी ८० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम. राणीच्या एका रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम चांदी होती. शंभर वर्षांपूर्वी एका रुपयात जेवढी चांदी मिळे, जवळजवळ तेवढ्याच चांदीवर १९६९ साली दहा रुपये हा आकडा घालावा लागला. अर्थशास्त्राच्या तासाला महागाई म्हणजे काय ते मी पाठ केले होते. ते मला समजले या दोन नाण्यांमुळे.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. एका बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व १८१८ सारखा सन आणि दुसऱ्या बाजूस राम-सीता किंवा हनुमान, अशी 'नाणी' आपल्याकडे सर्रास दाखवली जातात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. तसेच जुन्या नाण्याला लाखो रुपये देण्याचे आमिष दाखवून आधी शुल्क मागणारे लोक असतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा फसवणुकीविरुद्ध जाहीर इशारा दिला होता.

घरातील भांडी

नाण्यांबाबत जे खरे, तेच घरातील जुन्या भांड्यांबाबतही. समई, ताम्हन, पानदान, गुलाबदाणी यांच्या बुडाशी पाहावे. ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेले नाव, गाव, कधी लग्नाची तिथी सापडते. भांडे मोडीत घातले की सराफ घट वजा करून वजनाचे पैसे देतो. नावाचे काहीच देत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, दौती आणि वज्रीसुद्धा आदराने मांडलेल्या दिसतात. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने दिनकर केळकरांनी तो संग्रह उभा केला. ज्या वस्तूंकडे घरोघरी कोणी पाहत नव्हते, त्या त्यांनी गावोगाव हिंडून मिळवल्या.

माझ्या अनुभवावरून काही नियम सुचवतो :

१. वस्तू सापडेल तशी आधी पाहावी, तिचे छायाचित्र घ्यावे, आणि मगच हात लावावा.
२. ती कशात, कशाबरोबर, कोणाकडे होती, हे त्याच दिवशी तारीख घालून लिहावे.
३. चिंच, लिंबू, राख, रांगोळी यांनी नाणे घासू नये.
४. वजन, सन, अक्षरे, घाव, कडी ही सर्व नोंदावीत. दोष म्हणून काही वगळू नये.
५. नाणे कडेने धरावे आणि प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावे.
६. घरातील वडीलधाऱ्यांना विचारायचे ते आजच विचारावे.

आठव्या दिवशी रात्री जेवणे झाल्यावर मी वही सर्वांना वाचून दाखवली. माझी चूकही वाचली. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कडीचा रुपया उचलून हातात धरला आणि म्हणाले, "हा माझ्या गळ्यात होता." ती नोंद मी तेथल्या तेथे केली.

शेवटी सर्वानुमते सात झिजलेले राणीछाप रुपये सराफाकडे गेले. त्यांची बाळाला वाटी झाली. वाटीच्या बुडाशी बाळाचे नाव, बारशाची तारीख आणि त्याखाली 'पणजीच्या सात रुपयांची' एवढी अक्षरे ठिपक्यांनी घालून घेतली. उरलेली सोळा नाणी आजीच्या बटव्यात परत गेली. आता त्यात दोनच गाठी आहेत. एक खोट्या रुपयांची आणि एक बाकीच्यांची. तिसरी चिंधी घडी घालून तशीच आत ठेवली आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा बटवा असेल. त्याची गाठ सोडण्यापूर्वी वही उघडावी, एवढीच माझ्या विद्यार्थी मित्र-मैत्रिणींना विनंती आहे.